लिपिकाची पारख कामावरून व्हावी

‘लिपिकपदासाठीही मुलाखत हवीच’ हे मागील अंकातील पत्र वाचले. ते पटले नाही. आमच्या भागातल्या मुली लेखी परीक्षेत वर येत आणि मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’, ‘वडील काय करतात?’ अशा प्रश्नांना उत्तरे देत बसत. टिपणी कशी लिहाल, आवक-जावक नोंदवही कशी ठेवाल, हे कोणी विचारीतच नसे! केंद्राने १ जानेवारी २०१६पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती बंद केल्या, ते योग्यच झाले. नागरी सेवा परीक्षेत २,०२५पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत. तिथे निर्णयशक्ती जोखायची असते. लिपिकाचा मसुदा आणि टंकलेखन मात्र प्रत्यक्ष चाचणीत तपासता येते. ती चाचणी कडक करा, मुलाखत परत आणू नका.

– एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा