जुने घड्याळ विकण्यापूर्वी

विश्वस्त मंडळाच्या गेल्या सभेत शाळेतील जुन्या सामानाचा विषय निघाला. कार्यालयातील लंबकाचे घड्याळ, वाचनालयातील काचेच्या दारांचे उंच कपाट आणि शिक्षक-कक्षातील कोरीव चौकटीचा आरसा या तीन वस्तूंना जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मागणी घातली आहे. देऊ केलेली रक्कम बरी आहे. तिच्यातून संगणक कक्षाचे गळणारे छत दुरुस्त करावे, असा प्रस्ताव आहे. निर्णय पुढील सभेत व्हायचा आहे. तत्पूर्वी या वार्तापत्राच्या संपादक मंडळाचे म्हणणे विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम एक गोष्ट मान्य करतो. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि छत खरोखरच गळते. घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे. कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी लागली होती. आरशाचा पारा जागोजागी उडाला आहे. 'ही अडगळ कशासाठी सांभाळायची?' हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. उत्तर कारणांसह द्यायला हवे.

गेल्या महिन्यात आम्ही पाचवीच्या काही मुलांना त्या घड्याळासमोर उभे केले आणि 'हे कशासारखे दिसते?' एवढेच विचारले. एक मुलगी पटकन म्हणाली, "आमच्या देव्हाऱ्यासारखे." तिचे उत्तर अगदी बरोबर आहे. आपला देव्हारा म्हणजे लहानसे देऊळच. त्याला जोते असते, पुढे दोन खांब, वर महिरप आणि माथ्यावर शिखर. आपले घड्याळही तसेच आहे. खाली पायथा, दोन्ही बाजूंना बारीक खांब आणि वर त्रिकोणी माथा. फरक इतकाच की, त्याचे देऊळ ग्रीक धाटणीचे आहे आणि गाभाऱ्यात देवाऐवजी तबकडी आहे.

घड्याळाला खांब कशासाठी? यंत्राला त्यांची काहीच गरज नसते. पण या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एक मोठा इतिहास उघडतो. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले. पुढे काही वर्षांतच लंडनमध्ये तशी घड्याळे बनू लागली. ज्या लंबकाचा एक झोका एका सेकंदाचा, त्याची लांबी सुमारे ९९ सेंटीमीटर भरते. असा लांब लंबक आणि दोरीला टांगलेली वजने धूळ-वाऱ्यापासून जपायची तर उंच लाकडी पेटी हवी. ती पेटी घडवताना सुतारांनी नमुना घेतला तो इमारतीचा. खाली जोते, मध्ये उभा भाग, वर खांबांवर तोललेला माथा. १६६० च्या सुमारास लंडनमध्ये बनलेल्या या काळ्या लाकडाच्या पेट्यांना जाणकार आजही 'वास्तुशैलीच्या पेट्या' असेच म्हणतात.

लाकूडकाम आणि वास्तुकला यांचे हे नाते घड्याळापुरते नव्हते. टॉमस चिपेंडेल या इंग्रज कारागिराने १७५४ मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचे प्रसिद्ध पुस्तक काढले. त्याच्या आरंभी खुर्ची नाही की मेज नाही. आरंभी आहेत प्राचीन वास्तुकलेतील पाच प्रकारच्या खांबांची मोजमापासह चित्रे. ज्याला कपाट करायचे त्याने आधी खांब समजून घ्यावा, अशी त्यामागची धारणा होती. आपल्या वाचनालयातील कपाट पाहा. त्याचा पायथा जमिनीपासून चांगला वीतभर उंच आहे. तो शोभेपुरता नाही. फरशी पुसताना पाणी पुस्तकांपर्यंत जाऊ नये, हे त्याचे काम. घराला जोते ज्या कारणाने असते, त्याच कारणाने कपाटालाही आहे.

आता घड्याळाच्या जन्मगावाकडे वळू. आत चिकटवलेली कागदी चिठ्ठी फाटली आहे, पण तिच्यावर 'अॅन्सोनिया' आणि 'न्यू यॉर्क' हे शब्द वाचता येतात. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ईलाय टेरी याने घड्याळाचे सुटे भाग यंत्रावर, एकसारखे आणि मोठ्या संख्येने बनवण्याची पद्धत बसवली. १८१६ च्या सुमारास त्याने जे घड्याळ बाजारात आणले, त्याला दोन सडपातळ खांब आणि वर वेलांटीसारखा वळणदार माथा होता. पुढे १८४० नंतर ईलायस इंग्रॅहम याने दोन्ही बाजूंना टोकदार मनोरे असलेले, चर्चच्या दर्शनी भागासारखे घड्याळ रूढ केले. पितळी यंत्राची घड्याळे तर इतकी स्वस्त झाली की, चॉन्सी जेरोम या कारखानदाराने १८४२ मध्ये ती इंग्लंडला पाठवली, तेव्हा तेथील जकात अधिकाऱ्यांना त्याने सांगितलेली किंमत खोटी वाटली. त्यांनी माल त्याच भावाने सरकारात विकत घेतला. जेरोमला आयतेच गिऱ्हाईक मिळाले. त्याने लगेच दुसरी खेप पाठवली!

अशा स्वस्ताईमुळेच अमेरिकन घड्याळे समुद्र ओलांडून आपल्याकडच्या वाड्यांच्या भिंतींवर आली. अॅन्सोनिया हा त्यांतला एक मोठा कारखाना. १८५० मध्ये निघालेली ही कंपनी १९२९ मध्ये बंद पडली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. म्हणजे चिठ्ठी अस्सल असेल तर आपले घड्याळ १९२९ च्या आधीचे. मात्र जुन्या नावाच्या नकला बाजारात पुष्कळ असतात. त्यामुळे जाणकाराने यंत्र उघडून पाहीपर्यंत छातीठोकपणे काही सांगता येणार नाही.

आमच्या मते आणखी एक उदाहरण शाळेने लक्षात घेण्यासारखे आहे. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागात फुर्टवांगेन येथे १८५० मध्ये घड्याळे बनवण्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचे प्रमुख रॉबर्ट गेर्विग यांनी नव्या काळाला शोभेल अशा घड्याळाच्या नमुन्यासाठी जाहीर स्पर्धा ठेवली. फ्रीडरिश आयझेनलोर हे रेल्वेच्या इमारती बांधणारे वास्तुविशारद. त्यांनी रुळांच्या कडेला असते तसले चौकीदाराचे उतरत्या छपराचे घर घेतले, त्यावर वेली चढवल्या आणि दर्शनी बाजूस तबकडी बसवली. आज कोकिळेचे घड्याळ म्हटले की जे घरकुल डोळ्यांपुढे येते, त्याचा उगम हा आहे. रेल्वे नवी होती, म्हणून घड्याळाने रेल्वेचे घर घेतले. ज्या काळात जी इमारत लोकांच्या नजरेत भरली, ती त्या काळच्या सामानात उतरली. म्हणून जुने सामान हे त्या काळाचे कागदपत्रच असते.

आपल्या बडोद्यात तर हे वाचण्याची मोठी सोय आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम चार्ल्स मॅन्ट यांनी सुरू केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरे केले. त्यात देशी आणि परदेशी घाट शेजारी शेजारी नांदतात. आपल्या शिक्षक-कक्षाच्या भिंतीवरही तेच घडले आहे, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? आरशाच्या चौकटीचे खांब ग्रीक नाहीत. ते वाड्यातल्यासारखे सुरूदार आहेत, वर केळफुले आहेत आणि त्यांवर महिरप. तांबेकर वाडा पाहिलेल्या मुलांना त्यांची ओळख लगेच पटेल. म्हणजे घड्याळात अमेरिकेने उचललेला ग्रीस आणि आरशात इथल्या सुताराच्या हातचा मराठी वाडा, असे दोन्ही आपल्याकडे एकाच छपराखाली आहे. रावपुऱ्यातील चिमणाबाई टॉवर (१८९६) मुले रोज मान वर करून पाहतात. पण त्याच्या कमानीला हात लावून तिची गोलाई मोजता येत नाही. आरशाच्या महिरपीला हात लावता येतो, पट्टी लावता येते, कागद ठेवून तिचा छापही घेता येतो. चित्रकलेचे, भूमितीचे आणि इतिहासाचे असे साधन विकत घ्यायचे म्हटले तर कोणत्या दुकानात मिळेल?

इथे एक जुनी चूक सांगणे आम्हांला भाग आहे. वाचनालयात पूर्वी अशी दोन कपाटे होती. पोटमाळा केला तेव्हा दुसरे कपाट त्याखाली मावेना. सुताराने विचारले, "वरचा भाग कापू का?" आणि आपण सर्वांनी हो म्हटले. या संपादक मंडळातील दोघेजण त्या वेळी तिथे उभे होते आणि तेही काही बोलले नाहीत. त्रिकोणी माथा करवतीने उतरवला गेला आणि सरपणात गेला. उरलेले कपाट नुसते खोके दिसू लागले. मग त्याला कुणी जपेना. त्यात खडू, तुटके नकाशे, झाडू असे काहीबाही भरले जाऊ लागले आणि तीन-चार वर्षांत ते भंगारात गेले. लाकूड तेच, दारेही तीच होती. माथा गेल्यावर त्याची किंमत आमच्याच नजरेतून उतरली. हे घडू दिले याची खंत आहे, म्हणूनच आज गप्प बसवत नाही.

काही मंडळी म्हणतील की, अशी घड्याळे हजारोंनी बनली, त्यात दुर्मिळ काय? हे खरे आहे. आम्ही त्याला खजिना म्हणत नाही. खजिना म्हणून काचेच्या पेटीत बंद करून ठेवावे, असेही आमचे म्हणणे नाही. घड्याळ चालावे, कपाटात पुस्तके असावीत, आरशात मुलांनी तोंड पाहावे. घड्याळ चालू असले तर ते विज्ञानही शिकवते. लंबकाच्या तळाचा स्क्रू फिरवून गोळा खाली घेतला की घड्याळ मागे पडते, वर घेतला की पुढे जाते. दांडी लोखंडी असेल तर तापमान एक अंशाने वाढल्यावर ती इतकी प्रसरण पावते की, घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडते. वैशाखात आणि पौषात त्याची वेळ ताडून पाहणाऱ्या मुलाला उष्णतेने होणारे प्रसरण पाठ करावे लागणार नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. छताचे काम थांबवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण छत दर काही वर्षांनी दुरुस्तीला येणार. त्या प्रत्येक वेळी विकायला घड्याळ कुठून आणणार? छतासाठी माजी विद्यार्थ्यांना आवाहन करावे. स्नेहसंमेलनाच्या खर्चातही थोडी काटकसर करता येईल. शिवाय विक्रीला कायद्याची बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपल्या वस्तूंचे वय किती, हेच आपल्याला ठाऊक नसताना सौदा करणे विश्वस्तांनाही अडचणीचे ठरेल.

म्हणून आमच्या सूचना अशा :

१) शाळेतील सर्व जुन्या सामानाची नोंदवही करावी. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी चित्रकला शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक वस्तूचे मोजमाप, रेखाचित्र आणि छायाचित्र घ्यावे. ती कुणी दिली, याची माहिती माजी शिक्षकांना विचारून लिहावी.

२) नोंदवही पुरी होईपर्यंत एकही वस्तू विकू नये. त्यानंतर जे खरोखर मोडके आणि निरुपयोगी ठरेल, ते खुशाल विकावे.

३) दुरुस्ती जाणत्या कारागिराकडून करावी. घड्याळाचे मूळ यंत्र काढून त्याजागी सेलवर चालणारे यंत्र बसवू नये. लाकडावर रंग फासू नये. नवा तुकडा लावावा लागला तर तो त्याच जातीच्या लाकडाचा असावा.

४) घड्याळाला किल्ली देण्याचे काम दर आठवड्याला एका वर्गाकडे द्यावे. शिपाईकाकांनी ती कशी द्यायची ते मुलांना शिकवावे, कारण आजवर त्यांनीच ती दिली आहे आणि किती वळसे द्यायचे हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाही.

बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले आणि १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुस्तकी विद्या आणि हाताची विद्या या दोहोंची काळजी त्यांनी घेतली. आपली शाळा त्याच परंपरेचे नाव घेते. गणेशोत्सवात आपली मुले थर्माकोल टाळून पुठ्ठ्याचे आणि कापडाचे मखर करतात, खांब उभे करतात, महिरप कापतात. त्यांना त्या महिरपीचा लाकडातला नमुना शाळेतच पाहायला मिळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

विश्वस्तांनी या सूचनांचा विचार करावा, ही नम्र विनंती. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपले मत, मग ते आमच्या विरुद्ध असले तरी, लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे. आणि येताना त्या बंद घड्याळाकडे एकदा नीट पाहून जावे.

— संपादक मंडळ