वेगळी कढई आणि सुकटीचा वास

फेलोशिपचे थकलेले पैसे गेल्या महिन्यात एकदम जमा झाले. चेन्नईत आल्यापासून आम्हा तिघींचा एक रिवाज आहे, पैसे आले की एक दिवस मेसला सुट्टी. या वेळी अड्यारच्या एका गल्लीतल्या छोट्या थाई हॉटेलात गेलो. मेन्यूकार्डाची शेवटची दोन पानं हिरव्या रंगात, शाकाहारी पदार्थांची. आमच्यातली एक तमिळ, मासे आवडीने खाणारी. दुसरी मांस न खाणाऱ्या घरात वाढलेली आणि स्वतःही न खाणारी. तिसरी मी, मराठवाड्यातली, बौद्ध, सगळं खाणारी.

मांस न खाणाऱ्या मैत्रिणीने वेटरला विचारलं, "भाऊ, ग्रीन करीच्या वाटणात कोळंबी असते ना?" मिझोरामहून आलेला तो तरुण प्रामाणिकपणे म्हणाला, "नेहमीच्या वाटणात असते. पण या पानावरच्या पदार्थांचं वाटण आम्ही वेगळं करतो. फिश सॉसऐवजी सोया सॉस घालतो." तिचं समाधान झालं, तिने करी मागवली. आम्ही दोघींनी माशाचे पदार्थ मागवले आणि तिघी एकाच टेबलावर जेवायला बसलो.

थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावर एक कुटुंब आलं. त्यांनीही हिरवं पान उघडलं, पण त्यांचा प्रश्न निराळा होता. "कढई वेगळी आहे का?" वेटर म्हणाला, "कढई एकच आहे, पण धुऊन वापरतो." "आणि चमचे, ताटल्या?" तो गप्प राहिला. कुटुंबातले वडीलधारे उठले, त्यांच्यामागे बाकीचेही उठले. वेटरने टेबलावरचे पाण्याचे ग्लास उचलले आणि आत नेले.

वरवर पाहता दोन्ही प्रश्न शाकाहाराचेच. पण माझ्या मैत्रिणीला ताटात काय आहे हे जाणून घ्यायचं होतं, तर शेजारच्यांना ताटाला कशाचा स्पर्श झाला आहे याची चिंता होती. पहिला प्रश्न आहाराचा आहे. दुसऱ्या प्रश्नाची वंशावळ आपल्याला पाठ आहे. कढई घासूनपुसून धुतली तरी ती 'शुद्ध' होत नाही, कारण हा बाट साबणाने जाणारा नसतो. कुणी म्हणेल, ते कुटुंब फक्त आपली श्रद्धा पाळत होतं. असेलही. मी त्यांच्या मनाबद्दल बोलत नाही, त्या प्रश्नाला या समाजात जो इतिहास आहे त्याबद्दल बोलते आहे.

थाई वाटणात जी कोळंबी असते तिला तिकडे 'कापी' म्हणतात. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून आंबवायची, वाळवायची, कुटायची. म्हणजे आपल्या सुकटीची सख्खी बहीण. तमिळनाडूत सुक्या मासळीला 'करुवाडू' म्हणतात. समुद्रापासून लांब राहणाऱ्या आणि ताजी मासळी न परवडणाऱ्या माणसांचं हे कालवण. आमच्याकडे आठवडी बाजारातून कागदाच्या पुडीत सुकट आली की संध्याकाळी आळीभर वास सुटायचा आणि भाकरीचा एक घास जास्त जायचा.

हाच वास चेन्नईत घर शोधताना माझ्या आडवा आला. एका घरमालकीणबाईंनी आधी नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव. शेवटी हसून म्हणाल्या, "आम्ही फक्त व्हेजिटेरियन लोकांनाच देतो, हां अम्मा. वास चालत नाही." जात हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही, तशी गरजच पडली नाही. संविधानाच्या कलम १५(२) ने दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं जातीच्या कारणावरून कुणाला नाकारता येत नाहीत. भाड्याचं घर त्या यादीत नाही. म्हणून हॉटेलच्या दारातून हटलेली जात 'ओन्ली व्हेज' अशी पाटी लावून घराच्या दारात उभी राहते. आज मी जिथे राहते तिथे आईने पाठवलेली सुकट तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवते आणि खिडक्या लावून भाजते. त्या थाई हॉटेलात मात्र त्याच वासासाठी मी चारशे ऐंशी रुपये मोजले आणि शेजारच्या कुणीतरी मान डोलावून 'ऑथेंटिक' म्हटलं. वास तोच होता, फक्त तो कुणाच्या चुलीवरून येतो आहे ते बदललं होतं.

त्या वेटरला हे समजावून सांगावं लागलं नसतं. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातून येणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्यात बांबूचे कोंब आणि अखुनी यांसारखे 'वासाचे' पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, असा सल्ला होता. दुसऱ्यांच्या नाकाची काळजी कुणी घ्यायची, हे या देशात ठरलेलं आहे.

गंमत म्हणजे हे सगळं तमिळनाडूत घडतं. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार इथे १५ वर्षांवरील लोकांत शाकाहारी जेमतेम दोन-अडीच टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के आहेत. एवढ्या थोड्यांची चव एवढ्या मोठ्या शहराचा 'सभ्य' नियम कशी बनते? संख्येच्या जोरावर नव्हे. घरं, संस्था आणि मान कुणाच्या हातात आहे, त्यावर ते ठरतं.

इथल्या लोकांनी हे मुकाट्याने सोसलं असंही नाही. १९२५ च्या सुमारास चेरन्महादेवी इथल्या व्ही. व्ही. एस. अय्यर यांच्या गुरुकुलात ब्राह्मण मुलांची पंगत वेगळी बसते, हे उघड झालं. काँग्रेसच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत हा भेद पाहून पेरियार संतापले. त्याच वर्षी ते काँग्रेसमधून बाहेर पडले. १९५७ मध्ये ट्रिप्लिकेनच्या एका हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून त्यांच्या कार्यकर्त्यांनी महिनोन्महिने निदर्शनं केली, अटका सोसल्या. आपल्याकडे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायला जात. पाटी, पंगत आणि कप या त्या काळी लढाईच्या जागा होत्या.

ती लढाई संपलेली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आयआयटी मद्रासच्या एका मेसमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी विद्यार्थ्यांसाठी वेगळी दारं आणि हात धुण्याची वेगळी बेसिनं दाखवणारी पोस्टर लागली. आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलने आवाज उठवला. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. हात धुण्याच्या बेसिनमध्ये कुठला पदार्थ शिजतो?

मांस न खाण्याला माझा विरोध नाही. माझी आजी पौर्णिमेला मांस खात नसे, पण त्या दिवशी तिने कुणाच्या ताटापासून आपलं ताट लांब सरकवलं नाही. थाई भाषेत शाकाहाराला 'मांसविरती'वरूनच आलेला शब्द आहे. विरती म्हणजे थांबणं, दूर राहणं. पंचशील म्हणताना आपण जे 'वेरमणी' म्हणतो, तेही त्याच धातूचं. मी अमुक करणार नाही, हा स्वतःपुरता घेतलेला निश्चय. थायलंड बौद्धबहुल देश, आणि तिथले भिक्खू भिक्षापात्रात पडेल ते घेतात, मासे-मांससुद्धा. फुकेतला दरवर्षी नऊ दिवस 'जे' नावाचा कडक शाकाहारी उत्सव असतो. त्यात भांडीही वेगळी ठेवतात. पण ते व्रत आहे, कुणीही घ्यावं आणि नऊ दिवसांनी पुन्हा मासे खावेत. तिथे जन्माने कुणी 'शुद्ध' ठरत नाही. आपल्याकडचं 'शुद्ध शाकाहारी' मात्र कृतीचं नाही, माणसाचं विशेषण झालं आहे. एक माणूस शुद्ध म्हटला की दुसरा आपोआप अशुद्ध ठरतो.

एका टेबलावर बसल्याने जात जाते, असा माझा भ्रम नाही. नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बजावलं आहे. पण वेगळी कढई, वेगळं दार आणि वेगळं बेसिन मागणारे जात मजबूत करतात, एवढं नक्की. म्हणून मेसच्या समितीत, सोसायटीच्या बैठकीत, भाड्याच्या करारात जिथे जिथे 'फक्त व्हेज' येतं, तिथे आपण विचारलं पाहिजे की प्रश्न ताटातल्या पदार्थाचा आहे की ताटाशेजारच्या माणसाचा. हा प्रश्न आपल्या घरातही विचारायला हवा, कारण चार पैसे आले की 'आम्ही आता नॉनव्हेज सोडलं' हे अभिमानाने सांगणारे आपल्यातही वाढत आहेत. सोडा जरूर, पण ज्यांनी सोडलं नाही त्यांच्यापेक्षा वर चढण्यासाठी नको.

जेवण झाल्यावर माझ्या शाकाहारी मैत्रिणीने माझी वाटी पुढे ओढून वास घेतला आणि म्हणाली, "तुझ्या आईची सुकट अशीच लागते का गं?" मी म्हटलं, "हिच्यापेक्षा भारी. पण खिडकी उघडून भाजता येईल असं घर आधी शोधून दे."