नकाशा वाचणार कोण?

आपल्या शहराच्या नावावरून जो वाद कित्येक वर्षे चालला, त्यात हिरिरीने भाग न घेतलेला सुशिक्षित गृहस्थ आमच्या पाहण्यात नाही. मलिक अंबराची १६१० ची खडकी, १६२६ चे फतेहनगर, १६५३ चे औरंगाबाद आणि २०२३ चे छत्रपती संभाजीनगर ही सनावळी आता शाळकरी मुलांनाही मुखोद्गत झाली आहे. परंतु याच गृहस्थांस विचारावे, की महाराज, आपला बंगला ज्या जमिनीवर उभा आहे, ती साठ वर्षांपूर्वी कोणत्या गावच्या शिवारात मोडत होती? तिच्या कडेने ओढा वाहत होता की पाणंद जात होती? बहुतेक जण निरुत्तर होतील. इतिहास म्हणजे राजे, तख्ते आणि तहनामे, अशी आमची समजूत होऊन बसली आहे; आणि खेड्यांचा इतिहास ज्या कागदांवर रेखलेला आहे, ते जुने नकाशे उघडून पाहण्याची बुद्धी आमच्या पदवीधरांस होत नाही. या अनास्थेविरुद्ध चार कठोर शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

उदाहरणास दूर जाण्याचे कारण नाही. आपली छावणीच घ्या. खाम नदीच्या पश्चिमेस हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी राहत, आणि १८५७ च्या जून महिन्यात तेथील घोडदळात बंडाची ठिणगी पडली, हे आपण अभिमानाने सांगतो. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले, हेही कोणास ठाऊक असेल. पण छावणी वसली ती काही आकाशात नव्हे. पडेगाव, मिटमिटा, तिसगाव, गोलवाडी या गावांच्या शेजारात ती वसली. लष्कराला दाणा, वैरण, दूध, मजूर लागत. ते आसपासच्या खेड्यांतून येत. त्या खेड्यांचे रस्ते कोठे वळले, पडीत जमीन लागवडीस केव्हा आली, गावठाण कोणत्या दिशेस वाढले, या प्रश्नांची उत्तरे तवारिखांत मिळावयाची नाहीत. ती मिळतील नकाशांत, आणि तीही एकाच जागेचे निरनिराळ्या काळचे नकाशे शेजारी शेजारी मांडले तर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'हे नकाशे परक्या सरकारने लष्करासाठी आणि साऱ्यासाठी केले, त्यांवर भरवसा कसा ठेवावा?' आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. इंचास मैल या प्रमाणाच्या पत्रकावर एक फर्लांग म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढ्या जागेत रस्ता, विहीर आणि टेकडी दाखविता येते. नदीवर जाणारी बायकांची पायवाट आणि गावकुसाबाहेरील वस्तीची हद्द तेथे कशी मावावी? मोजणीदाराला जे हवे होते ते त्याने नोंदले, बाकीचे सोडले. म्हणून नकाशा हा वेदवाक्य नव्हे, तसा कचराही नव्हे. तो एक हितसंबंधी साक्षीदार आहे. अशा साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची असते, त्याला न्यायालयाबाहेर घालवून द्यावयाचे नसते. बखरकाराने धन्याची स्तुती केली म्हणून आपण बखरी जाळल्या काय?

या साक्षीदाराचा जोडीदार म्हणजे गावचा नकाशा. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी आरंभिली, तिच्यातून मुंबई इलाख्याची पद्धत सिद्ध झाली. पुढे निजामाच्या मराठवाड्यानेही तिचे वळण उचलले. जमिनीचा पोत आणि खोली पाहून प्रत ठरवावयाची, नंबर पाडावयाचा, हद्दीवर दगड रोवावयाचा. याच १८३६ साली इंग्लंडात चर्चचा दशांश धान्याऐवजी पैशात घेण्याचा कायदा झाला आणि त्यासाठी गावोगावचे नकाशे तयार झाले. तेथील हॉस्किन्ससारख्या पंडितांनी असे जुने कागद हाती घेऊन आणि शेताशेतांतून पायपीट करून इंग्रजी भूमीचा इतिहास लिहिला. त्याचा ग्रंथ १९५५ चा. कागद दोन्हीकडे होते; उणीव वाचणाऱ्यांची होती.

अगदीच कोणी वाचले नाही, असेही नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडून तेथील शेतांची शेतवार तपासणी केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये ज्या गावात सरासरी खाते चाळीस एकरांचे होते, तेथे १९१५ च्या सुमारास ते सात एकरांवर आले, हे सत्य त्यांनी जुनी दप्तरे आणि नवी मोजणी ताडून दाखविले. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या पोटात गेले असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. पण त्याचे शिवार कसे होते, हे निदान सांगता तरी येते. आमच्या वाळूजच्या टापूबद्दल असे कोण सांगणार? १९८५ मध्ये तेथे बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजी या खेड्यांचे रूप एका पिढीत पालटले. पैठणजवळ १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पुरे झालेल्या धरणाच्या नाथसागराखाली गावेच्या गावे गेली. ती पाहावयाची तर आता नकाशाखेरीज उपाय नाही.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: 'उपग्रहाची चित्रे असता हे जुने कागद कशास?' आकाशातून घेतलेल्या अशा चित्रांची स्मरणशक्ती १९६० च्या मागे जात नाही; आणि चित्रात झाड दिसते, झाडाखालची हद्द दिसत नाही.

कोणी म्हणेल, हा पंडितांचा फावल्या वेळचा छंद आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ओढा बुजवून त्यावर घरे बांधणारा गबर होतो, आणि मुसळधार पावसात पाणी आपली जुनी वाट शोधीत शिरते ते गरिबाच्या खोलीत. सार्वजनिक गायरानांवरील बेकायदा कब्जे हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांस दिला; पण गायरान कोठवर होते हे सिद्ध कोण करणार? एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्याची नव्याशी सांगड घालणे सामान्य शेतकऱ्यास दुर्घट झाले. ज्याला नकाशा वाचता येतो तो जमीन घेतो. ज्याला येत नाही तो गमावतो. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे स्तुत्य काम अलीकडे आरंभले गेले. परंतु नदीचे पात्र मुळात केवढे होते आणि तिला कोणते ओढे मिळत होते, हे जाणल्यावाचून पुनरुज्जीवन कशाचे करावयाचे?

पूर्वी गुप्ततेची सबब सांगता येत असे. २००५ च्या धोरणाने नागरी उपयोगाची पत्रके निराळी झाली, २०२१ मध्ये निर्बंध आणखी सैल झाले. आता सबब उरली ती आळसाची. आमची मागणी माफक आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एक गाव दत्तक घ्यावे. त्याचा मोजणीचा नकाशा, जुने इंचास मैलाचे पत्रक आणि आजचे पत्रक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, आणि गावातील एखाद्या वृद्धास, विशेषतः वृद्धेस, पुढे घालून शिवार चालावे. मोजणीदाराने जी पायवाट सोडली ती तिच्या पायांस ठाऊक असते; ती आज कागदावर न आली तर पुढे सांगणारे कोणी उरणार नाही. या कामी आम्ही अध्यापकांनीच आजवर कुचराई केली, हा दोष प्रथम आमच्या पदरी घेऊन आम्ही हे लिहीत आहो. शहराच्या नावाचा निकाल लागला. आता त्याच्या जमिनीची चौकशी सुरू होऊ द्या.