शाराकूची नटचित्रे : व्यंग की नाट्यसमीक्षा?

तोशूसाई शाराकू या चित्रकाराने १७९४-९५ मधील जेमतेम दहा महिन्यांत एदो नगरीतील काबुकी नटांची सुमारे १४० चित्रे लाकडी ठशांवरून छापण्यासाठी रेखाटली. पुढे त्याचा मागमूस लागत नाही. या चित्रांना व्यंगचित्रे ठरविण्याची प्रथा आम्हांस मान्य नाही. १६२९ पासून काबुकीत स्त्रियांना बंदी होती. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. समकालीन तोयोकुनीच्या चित्रांत अशा नटाचे पुरुषपण सौंदर्यसंकेतात विरघळून जाते. शाराकू ते विरघळू देत नाही. यादोरिगीच्या भूमिकेतील दुसरा सेगावा तोमिसाबुरो पाहावा : केशरचना व वस्त्रे स्त्रीची, जबडा मात्र पुरुषाचा, काळसर अभ्रकी पार्श्वभूमीवर दोहोंपैकी काहीच लपत नाही. ही टवाळी नव्हे. प्रेक्षक नट आणि पात्र यांना एकत्रच पाहत असतो, या अनुभवाचेच ते विवेचन होय, केवळ संहितेवर विसंबणाऱ्या (आणि आपल्याकडे असेच अधिक!) नाट्याभ्यासकाला ते अन्यत्र मिळणार नाही. अतिरेकी सत्यचित्रणामुळे शाराकू फार काळ टिकला नाही, अशी नोंद ओता नान्पो याच्या नावावर आहे. ती पटते, कारण ही चित्रे विकत घेणारे बहुतांशी त्या नटांचे चाहतेच होते.