पुनर्मुद्रित बालगंधर्व : संच विकत घेण्यापूर्वी

धागा लांब आहे आणि सूर भांडणाचा आहे. दोन्हींबद्दल आगाऊ क्षमा मागतो.

गेल्या रविवारी गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर आम्ही सहा जण जमलो होतो. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचा एक पुनर्मुद्रित संच वर्गणी काढून घ्यावा की घेऊ नये, एवढाच विषय होता. (संच कोणाचा हे येथे सांगत नाही; दोष त्या एकाचा नाही.) एकाने तो कोणाकडून तरी उसना आणला होता. जाड पुठ्ठ्याची पेटी, वर शालू नेसलेल्या रुक्मिणीचे सोनेरी चित्र, आत तबकड्या आणि एक घडीपत्रक. चर्चा दोन तास चालली. किंमत जास्त आहे. खरखर बरीच काढली आहे, पण अजून थोडी काढता आली असती. हीच पदे यूट्यूबवर फुकट मिळतात. एक पद दोनदा घातले आहे, ही तर सरळ फसवणूक.

यातील कोणते पद कोणत्या वर्षी मुद्रित झाले, हा प्रश्न मात्र त्या दोन तासांत कोणीही विचारला नाही. मीही नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात दर आठवड्याला साधनचिकित्सेवर व्याख्याने ऐकणाऱ्या मनुष्याची ही अवस्था. खाली उतरताना जिन्यात घडीपत्रक उघडून पाहिले. त्यात दोनच वर्षे छापली होती : जन्माचे १८८८ आणि मृत्यूचे १९६७. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी सगळी पदे तरंगत होती.

आपण शिवकालीन पत्र हाती घेतो तेव्हा मिती नसेल तर अस्वस्थ होतो. अक्षरवळण पाहतो, कागद पाहतो, शिक्का पाहतो. मोडीतील एका रेघेवरून याच ठिकाणी आपण तीन-तीन दिवस वाद घातले आहेत. आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्राचे सर्वाधिक ऐकले गेलेले साधन समोर आले की आपण एकाएकी गिऱ्हाईक होतो आणि 'आवाज स्वच्छ आहे का' एवढेच विचारतो.

वर्ष का हवे, ते सांगतो.

नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. 'मानापमान' १९११ मध्ये मुंबईत रंगभूमीवर आले, गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये स्थापन झाली, 'स्वयंवर' १९१६ चे, 'एकच प्याला' १९१९ चे. या साऱ्या काळात ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गात असे. त्याच्या आवाजाच्या दाबाने पडदा थरथरे आणि सुई मेणाच्या चकतीवर खोबण कोरी. हळू गायले तर खोबण उथळ, जोराने गायले तर सुई भरकटलेली. मंद्रातील सूर आणि तबल्याचा डग्गा त्या कर्ण्यात नीट शिरतच नसत. १९२५ नंतर जगभर विद्युत ध्वनिमुद्रण आले, पाठोपाठ ते भारतातही आले, आणि गायकाला पहिल्यांदाच यंत्रासमोर कुजबुजता आले.

आता तारखेविना दोन पदे एकामागून एक ऐका. एकात आवाज टोकदार आणि पातळ, दुसऱ्यात भरीव आणि मृदू. गच्चीवरच्या एका मित्राने लगेच निष्कर्ष काढला, 'वयाने आवाज पिकला बघ.' असेलही. पण कदाचित पिकलेले यंत्र असेल. गळा बदलला की कर्णा बदलला, हे ठरविण्याचा पहिला पुरावा म्हणजे वर्ष, आणि नेमके तेच पेटीतून गळाले आहे. अशा निष्कर्षांवर उद्या कोणी नाट्यसंगीताचा इतिहास लिहील आणि आपण त्याला पसंतीचा बदाम देऊ.

गतीचे प्रकरण तर याहून गंभीर आहे. 'अठ्ठ्याहत्तरची तबकडी' हा शब्दप्रयोग आपण सैलपणे करतो. आरंभीच्या काळात मिनिटाला ७८ फेरे हा पक्का नियम नव्हता; ७० च्या आसपासपासून ८० च्या पुढपर्यंत वाटेल त्या गतीने मुद्रण होत असे. समजा एखादे पद ७२ च्या गतीने मुद्रित झाले आणि पुनर्मुद्रण करणाऱ्याने डोळे मिटून ७८ वर लावले. ३ मिनिटे १५ सेकंदांचे गाणे बरोबर ३ मिनिटांत संपते आणि गायकाची पट्टी एका पट्टीहून अधिक वर चढते. तान जितकी चपळ नव्हती तितकी चपळ वाटू लागते. बालगंधर्वांच्या आवाजाच्या 'स्त्रीसुलभ' माधुर्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील काही माधुर्य चुकीच्या फेऱ्यांतून आले नसेल कशावरून? संच काढणाऱ्याने कोणती गती धरली आणि का धरली, हे एका ओळीत छापता आले असते.

याच ठिकाणी आमच्यातील दादरच्या मित्राने एक गोष्ट सांगितली. तो नाट्यसंगीत फारसे ऐकत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकचा भक्त आहे. किंग क्रिमसन या इंग्रज वाद्यवृंदाचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याचा 'एक्सपोजर्स' नावाचा संच २०२२ मध्ये निघाला. तबकड्या ३२. मुळात १९७९ साली आलेल्या 'एक्सपोजर' या एका तबकडीभोवतीचा, जेमतेम काही वर्षांचा काळ त्यात आहे. त्याआधी २०१४ मध्ये किंग क्रिमसनचा 'स्टारलेस' हा २७ तबकड्यांचा संच आला होता, त्यातही मुख्य भर १९७३-७४ च्या मैफलींवर. या संचांचे चाहते आपसांत काय भांडतात, तर कोणत्या गावच्या कोणत्या रात्रीची प्रत आहे, मूळ फीत कोणत्या पिढीची आहे, जुने मिश्रण ठेवले की नवे केले, आणि जुने काढून टाकले असेल तर का. तीच ती गाणी पुनःपुन्हा येतात म्हणून काही जण वैतागतात हे खरे, पण प्रत्येक प्रतीवर स्थळ आणि तारीख असते, म्हणून तो वैताग ज्ञानाचा असतो.

मला त्या परदेशी चाहत्यांचे कौतुक करायचे नाही. पैसेवाल्या निवृत्त गृहस्थांचा तो छंद आहे आणि त्याची किंमत पाहिली तर परळची खोली गहाण टाकावी लागेल. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गिटारीची तारीख ज्या काटेकोरपणे राखली जाते, त्याच्या दशांशाने तरी आपण 'नाथ हा माझा' ची राखतो काय?

दोनदा आलेल्या पदाविषयी गच्चीवर जी आरडाओरड झाली, तिच्याबद्दल माझे मत नेमके उलट आहे. त्या पेटीतील सर्वांत मौल्यवान वस्तू तीच होती. रंगभूमीवर बालगंधर्वांचे पद 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' घेत किती वेळ चाले याच्या आठवणी आपण वाचतो. तबकडीच्या एका बाजूला मावत असे जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे. एवढ्या जागेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय गायकाला दर खेपेस नव्याने घ्यावा लागे. एकाच पदाच्या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्या की तो निर्णय कानाला दिसतो. कोणती जागा दोन्हींत आहे, म्हणजे ती बांधलेली; कोणती एकीतच आहे, म्हणजे ती त्या दिवसाची. पण पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे पत्रकात नसल्यामुळे हा खजिना 'पुनरुक्ती' ठरला आणि वर्गणीतून दहा टक्के कापण्याची मागणी झाली.

आणि साथीदार. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष होते. थिरकवांना पुढे १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांचा ठेका ऐकण्यासाठी आज लोक जीव टाकतात. आमच्या पेटीवर 'साथ' या शब्दापुढे काहीच नव्हते, तो शब्दच नव्हता. प्रत्येक मुद्रिकेवर हेच दोघे आहेत असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे हीदेखील दुसरी चूक होईल. पण निदान चौकशी केल्याची खूण तरी असावी. त्यात खरखर काढण्याचा उत्साह असा, की खरखरीबरोबर वरच्या पट्ट्यातील ध्वनीही खरवडला गेला आहे. तबल्याची चाट आणि सारंगीच्या गजाची घासणी याच पट्ट्यात राहतात. परिणामी मागे कोणी तरी उशीवर थापा मारीत आहे असे वाटते. नाव आधी गेले, मग नादही गेला.

सफाईचा हा सोस जुना आहे. १९०२ साली फ्रेड गायसबर्गने कोलकात्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते. मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला छपाईसाठी जात आणि तेथील कामगारांना कोणती चकती कोणाची हे कळावे, म्हणून ही उद्घोषणा. कोलकात्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. म्हणजे त्या दोन सेकंदांत वसाहतकालीन व्यापाराचा अख्खा मार्ग दडलेला आहे. पुनर्मुद्रणात अशी उद्घोषणा 'गाण्याचा भाग नाही' म्हणून छाटली गेलेली मी स्वतः ऐकली आहे. म्हणजे ऐकलेली नाही.

यावर गच्चीवरच एक उत्तर मिळाले होते आणि ते हलके नाही. ज्यांच्या घरी आम्ही बसलो होतो ते आजोबा म्हणाले, "अरे, मला डोळे मिटून ऐकायचं आहे. तुमचे आकडे तुमच्यापाशी." आजोबांचा तो हक्क निर्विवाद आहे. परंतु पत्रकावर वर्ष छापल्याने त्यांचे डोळे कोणी उघडीत नाही. त्यांचे ऐकणे आणि आपले तपासणे एकाच पेटीत सुखाने नांदू शकते. जागा लागते ती चार पानांची.

कायद्याचा मुद्दा येथे आवश्यक आहे, कारण बहुतेकांना वाटते की कंपनी 'मालक' आहे, तेव्हा देईल ते घ्यावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९६० पूर्वी प्रकाशित झालेली प्रत्येक ध्वनिमुद्रिका आज मुक्त आहे. शब्द आणि चाली यांचा हिशेब वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा : खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणून तो भाग मोकळा झाला, मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, त्यांच्या चालींना अजून अवकाश आहे. तेव्हा 'स्वयंवर'च्या पदांच्या जुन्या मुद्रणासाठी आपण पैसे मोजतो ते कशाचे? गाण्याचे नव्हे, ते आपलेच आहे. आपण मोजतो ते चांगली प्रत शोधण्याचे, योग्य गतीने उतरविण्याचे, तारीख लावण्याचे आणि टिपण लिहिण्याचे. हे श्रम झालेच नसतील तर पेटीत उरतो पुठ्ठा.

हे श्रम अशक्य आहेत, असेही कोणी सांगू नये. मायकेल किनिअरने ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची क्रमांकवार सूची केली आणि ती १९९४ मध्ये याच मुंबईत पॉप्युलर प्रकाशनाने छापली. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून याच शहरात आहे. जे काम संग्राहकांनी नोकऱ्या सांभाळून केले, ते विक्रेत्याला पेटीवर सोनेरी शाई लावण्याआधी निदान वाचता आले असते.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचते. 'मराठी संगीताचा सुवर्णकाळ' म्हणून निघणाऱ्या पेट्यांचा नकाशा काढून पाहा. तो गिरगावात सुरू होतो, दादरला संपतो. लालबाग-परळला गाडी थांबत नाही. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगार वस्तीत जो आवाज घुमला तो हा. परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगारांनी स्वतःची रंगभूमी चालविली. यातील फार थोडे तबकडीवर आले, कारण तबकडी काढणे हा कंपनीचा व्यवहार होता आणि गिऱ्हाईक म्हणून तिच्या नजरेसमोर गिरगावचा दिवाणखाना होता. जे मुद्रित झाले नाही ते पुनर्मुद्रित कसे होणार, हे मान्य. पण मग पेटीवर 'मराठी संगीत' लिहू नये. 'दिवाणखान्यातील मराठी संगीत' लिहावे. आणि जे थोडे मुद्रित झाले आहे, त्याच्यासाठी कोणी पेटी का काढीत नाही? अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले. २०३० उजाडले की त्यांचे शब्दही मोकळे होतील. त्या दिवशी आपल्या हाती तारखा, क्रमांक आणि नीट उतरविलेल्या प्रती असतील की पुन्हा एक सोनेरी पुठ्ठा, हे आतापासून ठरणार आहे.

आमच्या गटाने संच घेतला नाही. चार विरुद्ध दोन. खरे सांगायचे तर चौघांपैकी तिघांनी किमतीमुळे नकार दिला, माझ्या युक्तिवादामुळे नव्हे. ती वर्गणी अजून माझ्याकडे पडून आहे आणि तिचे काय करावे यावर भांडण चालू आहे.

दरम्यान एक विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली, आजीच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्या वाजवू नयेत. आजच्या सुईने खोबण जाते. प्रथम दोन्ही बाजूंच्या लेबलांची छायाचित्रे घ्यावीत. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत काळ्या कड्यात बारीक कोरलेला क्रमांक असतो, तो मॅट्रिक्स क्रमांक. तबकडी तिरपी धरून बाजूने विजेरी मारली की तो उठून दिसतो. तारीख लावण्याची वाट तेथून सुरू होते. तो क्रमांक, लेबलावरील राग-ताल-नाटक यांचा उल्लेख आणि तबकडी घरात कोठून आली याची आठवण, एवढे या धाग्याखाली लिहावे. तडा गेलेली तबकडीही चालेल, क्रमांक तुटत नाही.