मोंबासा आणि आमचे प्रवासी

पूर्व आफ्रिकेस जाऊन आलेल्या आमच्या मंडळींची प्रवासवर्णने वाचावयास घ्यावीत, तो मोंबासाच्या वाट्यास फार तर दीड पान आलेले आढळते. उकाडा, नारळीची झाडे, एखाद्या गुजराती बंधूच्या घरचे साग्रसंगीत भोजन, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सिंह पाहावयास त्सावोकडे प्रयाण! पुढे सिंहांस पंधरा पाने मिळतात. सिंहांविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. परंतु २०१९ च्या गणतीत ज्याची वस्ती बारा लाखांवर भरली, ते शहर म्हणजे अरण्याची केवळ देवडी होय, ही दृष्टी प्रवाशाची नव्हे, शिकाऱ्याची आहे.

याहून आक्षेपार्ह सूर दुसराच आहे. ‘आमच्या माणसांनी हा मुलूख माणसांत आणिला’, असे ही मंडळी मोठ्या अभिमानाने लिहितात. १८९६ मध्ये मोंबासाहून निघालेला आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरास भिडलेला लोहमार्ग हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांच्या कष्टांनी झाला, त्यांतील अडीच हजारांच्या जवळपास कामावरच मेले, हे सर्व खरे आणि स्मरणीय आहे. पण लोहमार्ग म्हणजे शहर नव्हे. इब्न बतूता १३३१ मध्ये येथे उतरला, तेव्हा नीट बांधलेल्या लाकडी मशिदी आणि केळी-लिंबांची समृद्धी त्याने पाहिली. आमची मुंबई त्या वेळी सात बेटांची होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतास पोहोचण्यापूर्वी याच बंदरासमोर नांगर टाकून गेला. १५०५ मध्ये आल्मेदाने हे शहर लुटून जाळले, आणि त्यानंतरच तो पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय म्हणून आमच्या किनाऱ्यावर मिरवू लागला. लुटावयास आधी काही असावे लागते, एवढा तर्क तरी आमच्या लेखकांस अवघड जाऊ नये.

१५९३ साली पायाभरणी झालेल्या तेथील जीझस किल्ल्याची सूत्रे गोव्याहून हलत. १६९६ मध्ये ओमानी अरबांनी त्यास वेढा घातला, तो जवळजवळ तेहतीस महिने चालला. गोव्याची शेवटची कुमक पोहोचली तेव्हा किल्ला पडून गेला होता. १७३९ च्या वसईच्या विजयाने ज्याचा ऊर भरून येतो, त्याने या तटाखाली घटकाभर उभे राहावयास हरकत नव्हती. शत्रू एकच होता. स्वाहिलीस ‘मोडकीतोडकी बाजारबोली’ म्हणणाऱ्यांविषयी काय बोलावे? मुयाका नावाचा थोर कवी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहरात त्याच भाषेत लिहीत होता. तिच्यात ‘पेसा’, ‘गारी’, ‘लाकी’ हे शब्द ऐकून आमचा प्रवासी हुरळतो. परंतु शब्द ठेवून घेणाऱ्या घराची त्यास चौकशी नाही.

आमची मुख्य तक्रार मात्र पुढेच आहे. अरबी गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकन गुलामांची मुले मुंबईस उतरविण्यात येत, आणि त्यांतील कित्येकांस नाशिकच्या शरणपुरातील मिशनमध्ये ठेवून अक्षरे आणि सुतारकी-लोहारकी शिकविण्यात येई. लिव्हिंगस्टनचा देह १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत या नाशिककरांपैकी काही तरुण होते. ज्या झाडाखाली त्याचे हृदय पुरले, त्यावर लेख कोरणारा जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७५ मध्ये मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली. तिला पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फ्रियरचे नाव मिळाले, आणि तिच्या उभारणीत शरणपुरास वाढलेल्या माणसांनी काम केले. लोक त्यांस ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. गोदावरीचे पाणी प्यालेली ही माणसे. त्यांच्यावर मराठीत किती ओळी आहेत?

त्या वसाहतीची घंटा अद्याप उभी आहे, आणि स्वाहिलीत घंटेस ‘केंगेले’ म्हणतात म्हणून त्या चौकास केंगेलेनी हे नाव पडले. न्यालीच्या पुलापलीकडील समुद्रकाठच्या हॉटेलांकडे जाणाऱ्या मोटारी तेथूनच धावतात. आमचे प्रवासी त्या मोटारींत बसलेले असतात.

या उपेक्षेचे कारण अज्ञान असते, तर आम्ही लेखणी उचललीच नसती. मोंबासात ‘येथील लोक मोठे प्रेमळ’ असे लिहून परतलेला गृहस्थ पुण्यास आपल्या घरी आफ्रिकन विद्यार्थ्यास भाड्याने खोली देताना कचरतो, आणि तसे करताना त्यास आपल्या प्रवासवर्णनाची आठवण होत नाही. ज्या माणसांकडे पाहावयाचे नाही, त्यांच्या शहराकडे तरी तो कसा पाहणार?

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या सहलीत इतके कोठून साधावे? किल्ल्यास एक सकाळ पुरते, जुन्या शहराच्या गल्ल्यांस एक दुपार. केंगेलेनीस तर मोटार थांबवावयाची, एवढेच. सिंह त्सावोत दुसऱ्या दिवशीही असतात.