राजापूरच्या नामवंतांच्या यादीत शेतकरी का नाही?



मृग लागला. भात पेरून झालंय, आता कलमं बांधायची घाई आहे. आज खत-फवारणीवर लिहिणार नाही. पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती लिहितो. पटली तर बघा.

आमच्या भागातल्या एका शाळेची स्मरणिका निघणार आहे. त्यासाठी "आपल्या परिसरातील नामवंत" अशी यादी ग्रुपवर आली. एकेचाळीस नावं. डॉक्टर, इंजिनियर, मंत्रालयातले अधिकारी, बँकेचे मॅनेजर, नाटकात काम केलेले दोघं, परदेशात गेलेले चौघं. सगळी कर्तबगार माणसं, कुणाबद्दल वाईट म्हणायचं नाही. पण यादी तीनदा वाचली, शेती करणारा एक माणूस सापडला नाही. आणि एकेचाळिसांतली अडतीस माणसं गाव सोडून गेलेली.

यादी करणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, शेती काय, सगळेच करतात. त्यात नामवंत काय?"

तिथेच गोम आहे. शेती आता सगळे करत नाहीत. आमच्या वाडीत बावीस घरं. त्यातली नऊ गणपतीला उघडतात आणि सात दिवसांनी परत कुलूप लागतं.

राजापूर काही नाव नसलेलं गाव नाही. इंग्रजांनी 1649 च्या सुमारास इथे वखार घातली. पुढे पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली म्हणून शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये ती वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केलं. हे पोरांना पाठ असतं. पण वखार इथे का आली? खाडीतून गलबतं आतपर्यंत यायची आणि घाटावरून अणुस्कुऱ्याच्या वाटेने माल उतरायचा. मिरी, कापड. ती मिरी पिकवणारा, तो बैल हाकणारा कोण होता? त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. वखारीच्या साहेबाचं नाव मात्र पुस्तकात आहे.

आता जवळचं बघा. नाथ पै 1957 पासून तीन वेळा राजापूर मतदारसंघातून खासदार झाले. त्यांच्यानंतर मधु दंडवते 1971 पासून सलग पाच वेळा. नाथ पै वेंगुर्ल्याचे, दंडवते तर जन्माने अहमदनगरचे. तरी दोघांना आपण आपली माणसं म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी किती खटपट केली हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे मोठेपण कामावरून ठरतं, जन्म कुठे झाला यावरून नाही, हे आपणच मान्य केलंय. मग जो इथे जन्मला, इथेच राहिला आणि इथेच काम केलं, त्याला वेगळी फूटपट्टी का?

आणखी एक यादी आहे, ती म्हणजे सातबारा. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला 1949 मध्ये. मग कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याचं नाव जमिनीला लागलं. आमच्या आजोबांचं नाव तसंच लागलं. त्यांना सही येत नव्हती, अंगठा आहे. आज त्याच सातबाऱ्यावर आम्ही सतरा जण आहोत. कसणारा मी एकटा.

गेल्या वर्षी मुंबईहून चुलतभावाचा फोन आला. सड्यावरची जमीन एक एजंट मागतोय, सह्या करून टाकू. म्हणाला, "आहे काय तिथे? नुसता कातळ." बारसूच्या, देवाचे गोठण्याच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच कातळावर चित्रं कोरलीत. ती 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. म्हणून कातळ नुसता कधीच नसतो. पावसाळ्यात त्यावर गवत येतं, गुरं चरतात, पाणी मुरून खालच्या विहिरीला लागतं. प्रकल्प हवा की नको हा वाद मी इथे काढत नाही, त्यावर माणसं वेगवेगळ्या मताची आहेत. मी एवढंच म्हणतो, की ज्या गावात "मोठा झाला" याचा अर्थ "निघून गेला" असा होतो, त्या गावात मागे राहिलेली जमीन विकण्यापुरतीच उरते. म्हणून ही यादी मला शेतीचा प्रश्न वाटते.

मी तीन नावं पाठवली. नावं इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. कामं लिहितो.

पहिले, कलमं बांधणारे एक आजोबा. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा कोकणात कलमांची मागणी एकदम वाढली. ती कुणीतरी हाताने बांधली ना? कोयीला फुटवा येऊन देठ तांबूस, कोवळा असतो तेवढ्यातच कलम बसतं. काडी तीन-चार महिन्यांची, जाडी रोपाएवढी, पाचर सरळ, पट्टी घट्ट. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पण काडी कुठल्या झाडाची घ्यायची हे त्यांना झाड बघून कळतं. हे झाड एक वर्षाआड धरतं, त्याच्या फळात साका जास्त, त्याची काडी नको, असं ते सांगतात. हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालं, चांगलं झालं. पण त्या कागदामागे असे हात आहेत.

दुसरी, आमच्या शेजारच्या वाडीतली एक आजी. तिच्याकडे दोन जातींचं जुनं भात आणि नाचणीचं बियाणं आहे. दरवर्षी शेतातली लोंबी निवडून काढते, उन्हात वाळवते, मुडी बांधून ठेवते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पावसात आमचं विकतचं भात आडवं झालं, तिचं उभं होतं. तिच्याकडून पायलीभर मी आणलं. तिचं नाव सातबाऱ्यावरही नाही.

तिसरे, दरवर्षी पावसाळा संपला की वहाळावर दगड-मातीचा बंधारा घालणारे एक गृहस्थ. कुणी आलं नाही तर दोन मुलं आणि बायको घेऊन घालतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन फिरावं लागतं. वरची माती धुपून खाली अर्जुना-कोदवलीत बसते, मग पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी. त्यांच्या बंधाऱ्याखालच्या चार विहिरी मे महिन्यापर्यंत टिकतात. एवढं पुरे नाही का नाव छापायला?

कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या मित्रांनाही सांगतो, ही चूक आमच्याकडूनही होते. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 काजू आम्ही लावले, पैसे मिळवले. ती झाडं निवडायला वेंगुर्ल्याच्या केंद्रात किती जणांनी किती वर्षं घालवली, त्यांची नावं आम्ही कधी विचारली नाहीत.

आता माझंही सांगतो. मुलगा बारावी झाला तेव्हा मीच म्हणालो, "इथे काय ठेवलंय? मुंबई गाठ." गेला. चांगला आहे. पण त्याला कलम बांधता येत नाही, कारण मी शिकवलंच नाही. मला वाटलं ते काय मोठं काम आहे? म्हणजे यादी करणारा मुलगा जे बोलला, ते आम्हीच त्याला शिकवलंय.

म्हणून विनंती. स्मरणिका काढा, सत्कार करा, गेलेल्यांचा अभिमान बाळगा. फक्त चार पानं राहिलेल्यांना द्या. नुसतं "आदर्श शेतकरी" लिहून शाल देऊ नका. त्या माणसाला नेमकं काय येतं ते लिहा, आणि त्याच्याकडून ते कोण शिकलं तेही लिहा. दुसरी ओळ रिकामी राहिली तर ती रिकामीच छापा. वाचणाऱ्याला समजेल. आणि जमलं तर जुलैमध्ये एक दिवस नववी-दहावीची पोरं कलमं बांधायला पाठवा. रोपं, काड्या, पट्टी मी देतो.

आजोबांना सांगायला गेलो की तुमचं नाव दिलंय. ते पडवीत कोयी निवडत होते. वर न बघताच म्हणाले, "माझा नाव कशाक घालतंस? पोरगो कोण शिकणारो असलो तर घेऊन ये. डोळे आता दोन-तीन वर्षांचेच."

काल वाडीतले दोघं घेऊन गेलो. दहा कलमं बांधली. किती जगतात ते महिन्याभरात कळवतो.

तुमच्या गावात अशी माणसं असतील तर त्यांना विचारून त्यांचं काम इथे लिहा.